कथा तीन पानांवर अडकते, पुढे कसं जायचं?

शेवटचं_पान:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून कथा लिहितोय, म्हणजे लिहायला घेतो आणि तिसऱ्या पानावर बंद पडतो. आत्ताची कथा एका रिटायर्ड एसटी ड्रायव्हरची, अण्णा, रोज सकाळी आंघोळ करून स्टँडवर जाऊन बसतात, वातावरण मस्त जमलंय असं बायको म्हणते (ती कशालाही मस्तच म्हणते ते सोडा) पण पुढे काय होतं तेच सुचेना. कोसला ही कादंबरी म्हणे भालचंद्र नेमाड्यांनी पंधरा दिवसांत लिहिली, आणि माझे अण्णा गेल्या दिवाळीपासून त्याच बाकावर. आधी आराखडा करायचा का सुचेल तसं लिहायचं? जाणकारांनी सांगा. सुरुवातीचं वाक्य: "गजबजलेल्या स्टँडकडे बघताना अण्णांच्या डोळ्यांत एक अथांग पोकळी दाटून आली."

जुनी_वाचक:
ते पंधरा दिवस सगळे सांगतात, त्याआधीचं वाचन आणि लिटल मॅगझिनवाल्यांतले (छोटी, बंडखोर अनियतकालिकं काढणारे लेखक) वाद कोणी धरत नाही.
आराखड्याचं नंतर बघा, आधी सांगा अण्णांना हवंय काय? नुसतं बसायचंय तर ते शब्दचित्र झालं, तेही चांगलं असतं पण मग कथा म्हणून अडू नका. व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी कादंबरी आठवा, तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीत येतो तेव्हा त्याला शाळेत पोरं आणायचीत, म्हणजे पहिल्यापासून त्याच्यामागे काम लागलंय आणि गाव त्या कामाच्या आडून दिसत जातं. तुमच्या अण्णांमागे काहीतरी लावा. समजा ते वर्षानुवर्षं मुक्कामी गाडी (रात्री शेवटच्या गावी थांबून पहाटे परत निघणारी एसटी) घेऊन जायचे ती आता बंद होणारे. आता जातील ना ते कंट्रोलरच्या खिडकीशी भांडायला!
आणि ती पोकळी काढा हो. रिटायर्ड ड्रायव्हर स्टँडवर काय करेल? उभ्या गाडीच्या टायरला लाथ घालून हवा बघेल, नव्या पोराने रिव्हर्स घेताना घाण केली की पुटपुटेल. तेवढं लिहा, डोळ्यांचं वाचणारा बघून घेईल.

खाडीकाठ:
जुनी_वाचक +१, पण "हवंय काय" हे प्रत्येक कथेला लावू नका, जीएंच्या (जी. ए. कुलकर्णी) कितीतरी कथांत माणसाला काय हवंय हे त्यालाच नीट कळत नाही आणि तरी आपण शेवटापर्यंत खेचले जातो.
माझं मत, तिथे राहिलंच पाहिजे असं नाही पण तिथलं बोलणं कानात पाहिजे. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते आणि १९५२ साली गारंबीचा बापू कादंबरी लिहिली ती दापोलीकडच्या मुलखाची. अण्णा कुठल्या डेपोचे? सांगोल्याचा ड्रायव्हर आणि सावंतवाडीचा ड्रायव्हर एकसारखा बोलला तर मी तरी पहिल्या पानावर अंक मिटणार. संवाद मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडते तिथे लेखक बोलतोय असं समजा.

अंकवाला:
दिवाळी अंकाला पाठवणार असाल तर श्रावण उजाडायची वाट बघू नका, बरेच संपादक जून-जुलैतच मजकूर मागवतात. युनिकोडमध्ये टाइप करा, शब्दमर्यादा आधी विचारा, आणि एकच कथा तीन ठिकाणी पाठवू नका, दोन ठिकाणी छापून आली की पुढे कोणी दारात उभं करत नाही. उत्तर येत नाही म्हणून खचू नका, बऱ्याच ठिकाणी नकार कळवायलासुद्धा माणूस नसतो.

शेवटचं_पान:
आभारी आहे सगळ्यांचा, मुक्कामी गाडीचं एकदम क्लिक झालं, काल रात्री बसून खिडकीवरचं भांडण लिहिलं, अण्णा माझ्यापेक्षा बरं भांडतात. डेपो पाटणचा करतोय, आजोळ तिकडचं. आता प्रश्न, मुक्कामाला ड्रायव्हर-कंडक्टर झोपायचे कुठे? कोणाला माहितीये का?

खाडीकाठ:
आमच्या गावी उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, पावसात देवळात नाहीतर गाडीतच सीटवर आडवे. जेवण बऱ्याचदा एखाद्या घरून यायचं, आणि पहाटे गाडी चालू झाल्याच्या आवाजावर अर्धा गाव उठायचा. तुमच्याकडे वेगळं असेल, आजोळी मामांना विचारा, आणि गाडी बंद झाल्यावर तो डबा देणाऱ्या घरचं काय झालं तेही विचारा.