इन्सुलिन भरपूर तरी साखर जास्त, हे कसं काय?

कोकणी_माणूस: धाकट्या भावाचे रिपोर्ट आले. वय ३६, वजन ६४ किलो, उपाशीपोटी साखर ११६ आणि इन्सुलिन चक्क २६. मला वाटायचं साखर वाढते म्हणजे इन्सुलिन कमी पडतं, इथे तर दोन्ही जास्त. मग एवढं इन्सुलिन करतंय काय? मानेवर मागे काळा पट्टा पण आलाय, आई रोज बेसन लावून घासतेय.

मधली_सुट्टी: इन्सुलिन पेशीत शिरत नाही हो, बाहेर रिसेप्टरवर (पेशीवरचं निरोप घेणारं बटण) बसतं आणि आत निरोप जातो, एकाकडून दुसऱ्याकडे असा, शेवटी ग्लूट-४ नावाची दारं आतून वर येतात मग साखर आत. रिसेप्टर बहुतेक वेळा ठीकच असतो, गडबड त्याच्या पुढे. स्नायू आणि लिव्हरमध्ये नको तिथे चरबी साठली की आयआरएस-१ नावाचा पहिलाच निरोप्या ढेपाळतो. मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन ओततं, बेल वाजत नाही म्हणून आपण दाबतच राहतो ना तसं. गंमत म्हणजे लिव्हर 'साखर बनवणं थांबव' हे ऐकत नाही पण 'चरबी बनव' हे बरोब्बर ऐकतं!! म्हणून उपाशीपोटी साखर जास्त आणि वर फॅटी लिव्हर.
मान मळलेली नाहीये. जास्तीचं इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावतं, त्याचा पट्टा आहे तो.

कोकणी_माणूस: पण ६४ किलोला कसली चरबी?

पुणेरी_पाटी: वजनावर जाऊ नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली हाडकुळी माणसं आतून अशी असतात. पोटाचा घेर मोजा आधी.

शेवंता७: माझ्या जावेला उलटं झालेलं, ग्रेव्हज नावाचा थायरॉइडचा आजार. तिथे अँटिबॉडीच थायरॉइडच्या रिसेप्टरवर बसून बटण दाबून धरते, मेंदूकडून हुकूम नसला तरी हार्मोन चालूच. हात थरथरायचे, चहाचा कप धरवत नव्हता.

मधली_सुट्टी: भावाला चालायला लावा, चालताना स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवाय पण वर येतं, तो रस्ता वेगळा. गोळीचं डॉक्टर बघतील.

कोकणी_माणूस: धन्यवाद मंडळी. आईला सांगितलं घासू नको, तर म्हणते मग लावू काय.