सांगली : घरचा जुना पीसी दुपारीच बंद पडतो, दुकानात मात्र नीट चालतो

पत्रिकावाली (सांगली)

नमस्कार. मी मारुती चौकाच्या मागे राहते आणि घरातूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, कधी दहाव्याची पत्रकं. ऐन लग्नसराईत पीसी काम करता करता बंद पडायला लागलाय.

बंद कसा पडतो ते नीट सांगते. निळी स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही. कुणीतरी प्लग खेचल्यासारखा एका क्षणात काळोख. सीपीयूचा पंखाही थांबतो. मॉनिटरचा दिवा तेवढा चालू राहतो आणि त्यावर 'नो सिग्नल' येतं. लगेच बटण दाबलं की बहुतेक वेळा परत सुरू होतो.

मशीन कोअर टू ड्युओ, जी31 चा मदरबोर्ड, 2 जीबी रॅम, विंडोज एक्सपी. नेटला जोडलेलं नाही. नवीन घ्या असं कृपया सांगू नका. पत्रिका जुळवायचं पेजमेकर आणि श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची किल्ली) याच मशीनवर आहे. जुनी सगळी कामं युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहेत, ती दुसरीकडे उघडली की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. माझ्याकडे माणसं येतात तीच मुळी "थोरलीच्या लग्नातली पत्रिका होती ना, तशीच करा, फक्त नावं बदला" असं म्हणत. त्या फाइली म्हणजे माझा धंदा आहे.

दुकानात दाखवला. तिथे दिवसभर चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. फॉरमॅट मारू म्हणाले, मी मारू दिला नाही. यूपीएसला नवी बॅटरी टाकली, तरी यूपीएसवर असतानाही बंद पडतो, हेच मला उमगत नाही. सकाळी लवकर आणि रात्री जेवणं झाल्यावर तासन्‌तास चालतो. अकरा ते पाचच्या दरम्यान मात्र भरवसा नाही. खोलीवर पत्रा आहे, दुपारी खूप तापतं. खाली पिठाची गिरणी आहे, त्यामुळे कॅबिनेटमध्ये पीठ बसतं, ते मी ब्रशने काढत असते. उष्णतेमुळे होत असेल का? निम्मी पत्रिका जुळवलेली असताना बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं, आणि मुहूर्त काही आपल्यासाठी थांबत नाही.

मिरजकर

ताई, फॉरमॅट मारू दिला नाहीत ते फार बरं केलंत. पंखासुद्धा थांबतो म्हणजे आतला पुरवठाच तुटतोय. विंडोज बिघडून मशीन रिस्टार्ट होतं तेव्हा पंखा सहसा फिरतच राहतो.

तरी पत्रा आणि पीठ म्हटल्यावर पहिला संशय कूलरवर. या बोर्डांवर प्रोसेसरचा कूलर चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो. इतक्या वर्षांत एखादी पिन उचलली जाते, खालची पेस्ट वाळून खडूसारखी होते, आणि प्रोसेसर तापला की बोर्ड स्वतःच वीज तोडतो. वरून ब्रश फिरवून भागत नाही. पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्या मधे पिठाचा थर जमतो, तो पंखा काढल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. दमट हवेत त्याची खळ होते.

आता एक करा. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पानांत) जा आणि 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' नावाचं पान असेल ते उघडून दुपारभर तसंच ठेवा. तिथे प्रोसेसरचं तापमान दिसतं. त्या पानावर असतानाच बंद पडला तर विंडोज, व्हायरस, पेजमेकर सगळे सुटले, कारण तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं.

कृष्णाकाठ

मिरजकरांनी सांगितलंय ते कराच, पण त्याआधी फाइली वाचवा. असं अचानक बंद होणं हार्डडिस्कला फार वाईट. रात्री मशीन नीट चालतं ना, मग आज रात्रीच सगळी कामं एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. नुसत्या पेजमेकरच्या फाइली घेऊन पुरणार नाही, फाँटचं फोल्डर आणि लिंक केलेले गणपती, कलश, बॉर्डर हेही घ्या. शिवाय नेहमी लागणाऱ्या पत्रिकांच्या पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फाँट आत बसतो, त्यामुळे उद्या मशीन गेलंच तरी छापता तरी येईल.

पत्रिकावाली (सांगली)

दोघांचेही आभार. फाइली रात्री जागून उतरवून घेतल्या, फाँटसकट.

भाच्याने कूलरचा पंखा काढला. मिरजकर म्हणाले तसंच, आत पिठाची वडी होती. साफ केलं, नवी पेस्ट लावली, पिना दाबून बसवल्या. मग दुपारी बायोसचं पान उघडून समोरच स्वेटर विणत बसले. तापमान 50 च्या आसपास, वर चढत नव्हतं. 12 व्होल्टच्या ओळीत 11.9 दिसत होतं. आणि पावणेबाराच्या सुमारास माझ्या डोळ्यांदेखत बंद! म्हणजे उष्णता नाही, विंडोजही नाही. मग उरलं काय?

अजिंक्यतारा

मी सातारचा. एमआयडीसीत बरीच वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये पीठ सगळ्यांना दिसलं, पण गिरणीची मोटर कुणाच्या लक्षात आली नाही. एक विचारतो, हा त्रास उन्हाळ्यातच सुरू झाला का? गिरणीत मिरची कांडायचा डंक आहे का?

का विचारतो ते सांगतो. मोटर थेट सुरू केली की पहिले काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. तेवढ्यापुरतं आसपासच्या लाइनचं व्होल्टेज बसतं. तुमच्या ट्यूबला तो एक मिचका, पंख्याला तर जाणवतही नाही. पण तुमचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा, जुना आहे. 230 व्होल्ट आत आल्यावर त्याची डीसी करून दोन मोठ्या कपॅसिटरांत सुमारे 325 व्होल्टला साठवली जाते. लाइन क्षणभर गेली तर त्या साठ्यावर चांगला एसएमपीएस 16-17 मिलिसेकंद तग धरतो. कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात, साठा आटतो, आणि तो वेळ निम्म्यावर, त्याच्याही खाली येतो. मग ट्यूबच्या एका मिचक्यात मशीन आडवं.

दुकानात का बंद पडलं नाही? तिथे डंक नव्हता.

यूपीएस का वाचवत नाही? साधा ऑफलाइन यूपीएस लाइनची वीज जशीच्या तशी पुढे सोडतो. व्होल्टेज बरंच खाली गेल्याशिवाय तो बॅटरीवर येतच नाही, आणि आला तरी बदलायला 4 ते 10 मिलिसेकंद घेतो. नव्या एसएमपीएसला ते कळतही नाही, तुमच्याला तेवढेही झेपत नाहीत. बायोसमध्ये 11.9 दिसलं म्हणून फसू नका. ते आकडे मधूनमधून वाचले जातात, क्षणाचा झटका त्यात सापडत नाही.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. पीसी चालू ठेवा आणि गिरणीवाल्यांना डंक सुरू करायला सांगा.

तीन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज असतात. मागे 115/230 चा लाल स्विच असेल तर त्याला हात लावू नका, 115 वर गेला की आवाज होऊन जळतो. आणि वायरमनकडून मेन स्विच आणि मीटरजवळचा न्यूट्रल तपासून घ्याच. तो ढिला असेल तर व्होल्टेज जास्त बसतं, आणि कधी निसटलाच तर घरात 230 च्या किती तरी वर वीज येऊ शकते. तेव्हा पीसीच नाही, फ्रिज-टीव्हीही जातील.

पत्रिकावाली (सांगली)

काका, डंक आहे! पिठाची गिरणी जुनीच, पण डंक यंदाच्या उन्हाळ्यात बसवला. सध्या चटणीचा हंगाम, अकरा वाजता डबे घेऊन बायकांची रांग लागते. एकीची मिरची झाली की बंद करतात, दुसरीची ओतून पुन्हा सुरू. दिवसभर असं चालतं आणि मी इथे वर शिंकत असते, पण माझ्या पीसीशी त्याचा संबंध असेल असं मनात कधी आलं नव्हतं.

तुम्ही सांगितलं तसं केलं. भाचा खाली उभा राहिला, मी फोन कानाला लावून वर. "आता" म्हणाला, ट्यूब मिचकली आणि पीसी गेला. परत चालू केला, पुन्हा तेच. मधे एकदा ट्यूब मिचकली तरी पीसी टिकला. म्हणजे दर वेळी जातोच असं नाही, म्हणून इतके दिवस मेळ लागत नव्हता.

वायरमन येऊन गेला. मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, वायरीचं टोक काळं पडलं होतं. टोक कापून नव्याने बसवलं. ट्यूब आता कमी मिचकते, पण पीसी काल पुन्हा एकदा गेलाच. तेव्हा एसएमपीएस बदलणार. कुठला घेऊ?

अजिंक्यतारा

काळं टोक वेळेत सापडलं, बरं झालं. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्याला भुलू नका, तुमच्या मशीनला 300-350 खरे वॉट पुष्कळ झाले. 'ॲक्टिव्ह पीएफसी' (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) लिहिलेला घ्या, शक्यतो 100 ते 240 व्होल्टचा. असा एसएमपीएस लाइन 150 पर्यंत बसली तरी कुरकुरत नाही. बोर्डाचा 24 पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा 4 पिनांचा जोड मोजून घ्या. हार्डडिस्क जुन्या रुंद पट्टीची असेल तर तिचा मोठा 4 पिनांचा जोड आहे ना, तेही बघा.

मिरजकर

कॅबिनेटचं कव्हर उघडणारच आहात तर बोर्डवरचा बटण सेलही बदला, सीआर2032. या वयाच्या बोर्डात तो संपत आलेलाच असतो, आणि संपला की तारीख मागे जाते. फाइली तारखेने शोधत असाल तर घोळ होईल.

पत्रिकावाली (सांगली)

नवा एसएमपीएस बसवला, सेलही टाकला. परवा आणि काल दुपारी मुद्दाम डंक चालू असतानाच काम केलं. ट्यूब मिचकली, पीसी हलला नाही. काल एका बैठकीत पत्रिका पुरी करून प्रेसला पाठवली. जुना एसएमपीएस मी टाकून दिलेला नाही. अजिंक्यतारा काका, तो दुरुस्त होऊन दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल का, की भंगारात देऊ?

अजिंक्यतारा

भंगारातच द्या. कपॅसिटर बदलून चालेल, पण बाकीचे भागही त्याच वयाचे आहेत. दुसऱ्याच्या घरी लावायच्या लायकीचा तो आता नाही.