पिठातली बुरशी
‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेत कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांचे मेंदू ताब्यात घेते. मालिकेच्या तिसऱ्या भागात जोएल हा नायक सोबतच्या एलीला सांगतो, की ही बुरशी पिठा-साखरेसारख्या जिनसांतून जगभर गेली असावी. बऱ्याच जणांना हे ओढूनताणून वाटलंय. माणसाचा मेंदू ताब्यात घेणं ही कल्पनाच आहे, पण पिठाचा भाग मला पूर्ण पटला. वैजापूर-गंगापूरकडे बाजरी पेरणाऱ्या कुणालाही पटेल. अरगट हा बुरशीचा रोग पडला की कणसातून मधासारखे चिकट थेंब गळतात, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. त्या दळणात गेल्या तर मळमळ, उलट्या, गुंगी. आणि ही बुरशी कॉर्डिसेप्सच्याच गणातली आहे, हायपोक्रिएल्स!

म्हणून तर पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, १० लिटरला २ किलो मीठ. तरंगलेलं काढून जाळायचं, तळाचं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं.