नववीच्या मुलांसाठी रोगनिदानाची प्रात्यक्षिक कार्यशाळा: मुंबईत कुठे?

लालबागची_बाई
नमस्कार मंडळी. लालबागच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. यंदा पावसाळ्यात नववीतली पाच मुलं आळीपाळीने डेंग्यू-मलेरियाने घरी होती. त्यातल्या एकाने परत आल्यावर विचारलं, "बाई, तापाच्या दुसऱ्या दिवशी एक टेस्ट आणि आठव्या दिवशी वेगळीच, असं का?" मी एनएस१ आणि आयजीएम, म्हणजे डेंग्यूच्या दोन रक्तचाचण्या, फळ्यावर काढून दाखवल्या. माना डोलल्या, पण डोक्यात काही गेलं नाही हे दिसत होतं.

मुलांना स्वतःच्या हाताने काही करता येईल अशी कार्यशाळा हवी आहे. ३८ मुलं आहेत. माणशी शंभर-दीडशेच्या वर पालकांकडे मागवत नाही. मराठीतून समजावणारं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं. एका सहकाऱ्याने शाळेतच रक्तगट तपासणी ठेवा असं सुचवलंय. ठेवू का?

स्लाईडवाला
बाई, रक्तगट नको. पॅथॉलॉजी लॅबमध्ये हयात गेली म्हणून सांगतो. ३८ बोटं टोचायची म्हणजे ३८ लॅन्सेट. वापरलेली प्रत्येक सुई न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे आणि तो डबा रीतसर नेणारं कुणी पाहिजे. तुमच्या वर्गातल्या कचऱ्यात एक जरी पडली तरी ती झाडणाऱ्या मावशींच्या हाताला लागणार. हिपॅटायटिस बी व्हायला तेवढं पुरतं.

डेंग्यूचं मी आमच्या नवीन पोरांना असं सांगतो: एनएस१ म्हणजे चोराची दारात राहिलेली चप्पल, आयजीएम म्हणजे चौकीतली नोंद. चप्पल पहिले चार-पाच दिवस सापडते, कारण ते विषाणूचंच प्रथिन आहे. नोंद म्हणजे विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, ती शरीर स्वतः तयार करतं, त्याला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं तर डेंग्यू नाही असं समजू नये.

मुलुंडची_आई
एक सावधगिरीची सूचना. लेकीला गेल्या मे महिन्यात एका खासगी 'डायग्नोस्टिक वर्कशॉप'ला घातलं होतं. नाव घेत नाही. १८०० रुपये, दोन तास, साठ मुलं आणि मायक्रोपिपेट (थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं साधन) एक! पिपेट दादांच्या हातात, मुलं मोबाईलवर शूटिंग करतायत. पांढरा कोट घालून फोटो आणि सर्टिफिकेट मात्र झकास. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की एका पिपेटमागे मुलं किती.

हार्बर_लाईन (निवृत्त शिक्षक)
बाई, तुम्ही लालबागला म्हणजे कॉटनग्रीनहून पनवेल गाडी पकडलीत की दोन्ही चांगली ठिकाणं थेट आहेत. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद. भाषेचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. तिथे शाळेच्या लेटरहेडवर पत्र टाका, वर्ग आणि मुलांची संख्या लिहा, आणि 'भेट' नको, 'प्रयोग' हवेत हे ठळक लिहा. नाहीतर सभागृहात बसवून भाषण होतं. शेजारच्या परळची हाफकिन संस्थाही विसरू नका. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस जानेवारी १८९७ मध्ये याच शहरात आधी स्वतःला टोचून घेतली, हे लालबागच्या मुलांना ठाऊक असायलाच हवं.

पण त्याआधी वर्गात एक करून बघा, खर्च वीस रुपये. प्रत्येकाला पेलाभर पाणी. एकाच्या पेल्यात गुपचूप चुन्याची निवळी (तोंडाला, डोळ्यांना लागू देऊ नका). मुलं जोड्या करून पाणी एकमेकांत मिसळतात आणि निम्मंनिम्मं परत घेतात, अशा तीन फेऱ्या. कुणी कुणाशी मिसळलं ते वहीत. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या टीपकागदाची पट्टी पेल्यात. हळद अधिक चुना म्हणजे कुंकू, 'लागण' झालेल्याची पट्टी लाल. तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ जण सापडतील. मूळ पेला कुणाचा, ते वह्या बघून मुलांनीच शोधायचं. एक पेला नुसत्या पाण्याचा आणि एक नक्की निवळीचा बाजूला ठेवा, तुलनेला.

स्लाईडवाला
सर, तुलनेचे दोन पेले म्हणजे आमच्याकडच्या कंट्रोलसारखेच (उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने) झाले. बाई, जोडीला प्रिन्सेस स्ट्रीटवरून तयार स्लाईड आणा. मलेरियाची मात्र घेऊ नका, मुलं हिरमुसतील. परजीवी तांबड्या पेशीच्या आत असतो, त्याला १००चं भिंग आणि तेल लागतं, शाळेच्या मायक्रोस्कोपला बहुधा ४०-४५च्या पुढे नसतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची घ्या, कोयत्यासारख्या पेशी ४५ला दिसतात. फायलेरियाचा (हत्तीरोगाचा) जंत तर १०लाच सापडतो.

लालबागची_बाई
काल केलं! आठ अपेक्षित होते, नऊ पट्ट्या लाल. नववी मुलगी रडकुंडीला, "बाई, मी कुणाकडूनच घेतलं नाही." वह्या दोनदा तपासल्या, तिचं खरं होतं. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "अगं, तू पेला कशाने धुतलास?" साबणाने! नीट खळबळलाच नव्हता. साबणालाही हळद लाल होते हे प्रत्येकाने घरी कपड्यावरच्या डागात पाहिलेलं असतं, तरी मला सुचलं नाही. मग अर्धा तास 'पॉझिटिव्ह म्हणजे आजारी का?' यावरच भांडण. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

गणिताचा_मास्तर
याच्यावर दहा मिनिटं मला द्या. समजा १००० माणसांत १० आजारी. टेस्ट आजाऱ्यांपैकी ९० टक्के पकडते आणि निरोगींपैकी ५ टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. खरे ९ सापडले, खोटे सुमारे ५०. पॉझिटिव्ह आलेल्या ५९ पैकी ५० जण ठणठणीत! फळ्यावर मांडा, टक्केवारीचा कंटाळा पळतो.

लालबागची_बाई
मास्तर, सोमवारचा तास तुमच्या गणिताला. चुनाभट्टी आणि मानखुर्द, दोन्हीकडे पत्रं गेली, सहामाहीनंतरची तारीख मागितली आहे. स्लाईडवाले दादा, १००चं भिंग असलेला मायक्रोस्कोप दिवसभरासाठी कुठे मिळेल का? पोरं मलेरियाच बघायचा म्हणून हटून बसली आहेत.

स्लाईडवाला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तेलाची बाटली मी आणतो, भिंग पुसायचा कागद तुम्ही.