पावसात गोंद्यापर्यंत बाइक: ॲडव्हान्स्ड रायडिंगच्या कोर्सचा खरंच उपयोग होतो का?

शिफ्टवाली
नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते, मुंबई हायवेवर गोंद्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दीडशे सीसीची गाडी, एबीएस (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. ऑक्टोबर ते मे मी मस्त चालवते. जुलै लागला की गाडीवर कोणी दुसरीच बाई बसल्यासारखं होतं.

विल्होळी मागे पडेपर्यंत ठीक असतं. वाडीवऱ्ह्याच्या पुढे पावसाची जातच बदलते. खांदे ताठ होतात, हँडल गच्च धरलं जातं, आणि शेजारून कंटेनर गेला की त्याच्या चाकांचं पाणी व्हायझरवर येऊन क्षणभर काही म्हणजे काही दिसत नाही. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्रीचं तर बोलूच नका.

नवरा म्हणतो, सवय होईल. सवय व्हायला आतापर्यंत पुरेसे पावसाळे झाले. शहरात दोन दिवसांच्या ॲडव्हान्स्ड रायडिंग कोर्सची जाहिरात पाहिली. फी माझ्या मानाने कमी नाही. पण असे कोर्स कोरड्या मैदानावर शंकूंमधून गाडी फिरवायला शिकवतात असं ऐकलंय. त्याचा भर पावसात हायवेवर काय उपयोग? ज्यांनी केलाय त्यांनीच सांगा. "ताई, चारचाकी घ्या" हे उत्तर घरी रोज मिळतं.

पेठरोड
ताई, मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. पेठ, हरसूल, सुरगाणा, जव्हार हा माझा पट्टा, म्हणजे पाऊस जिथे मुक्कामाला असतो तिथेच माझे डॉक्टर. कोर्स केलाय, पैसे स्वतःच्या खिशातले, त्यामुळे कोणाची जाहिरात करायची नाही.

भीती पूर्ण जात नाही, जाऊही नये. पण पावसात आपण घाबरतो ते मुख्यतः टायरची पकड किती उरलीय याचा अंदाज नसल्यामुळे. ओल्यावर ब्रेक जोरात दाबला तर काय होतं, हे कधी करूनच पाहिलेलं नसतं. मग वेळ येते तेव्हा हात एकतर दाबत नाही, नाहीतर एकदम आवळतो. आमच्या कोर्सात दुसऱ्या दिवशी टँकरने काँक्रीटवर पाणी मारलं आणि 30 च्या वेगाने येऊन पुढचा ब्रेक लावायला सांगितला. आधी हलकेच, वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग दाब वाढवत न्यायचा. 30 नंतर 40, मग 50. ओल्यावर गाडी इतकी चांगली थांबते हे मला कोणी तोंडी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आपल्याकडे "पुढचा ब्रेक मारू नको, पडशील" हे ऐकतच माणूस गाडी शिकतो आणि जन्मभर मागच्या ब्रेकवर पावसाळे काढतो. ब्रेक लावला की मागचं चाक हलकं होतं, त्याच्याकडून फार थांबवलं जात नाही आणि ओल्यात तेच आधी लॉक होतं. तुमच्या गाडीला मागे एबीएस नाही, तेव्हा तो पाय फार जपून. पुढच्या लिव्हरला थरथर जाणवली तर सोडू नका, एबीएस काम करतंय, दाबून ठेवा. वळणात गाडी झुकलेली असताना मात्र साध्या एबीएसच्या भरवशावर राहू नका.

60 च्या वेगाने आपण सेकंदाला जवळपास 17 मीटर जातो. म्हशी आडव्या आल्या हे डोक्यात शिरून हात लिव्हरवर जाईपर्यंत तेवढा रस्ता संपलाच. त्यापुढे कोरड्यावर साधारण 20 मीटर लागतात, ओल्यावर 30 किंवा जास्त. पण 60 चे 45 केले तर ब्रेक लागल्यापासूनचं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. हा हिशेब कळल्यापासून हळू चालवताना मागच्याच्या हॉर्नचं काही वाटत नाही.

शंकूंचं म्हणाल तर ते मान आणि नजरेसाठी असतात. खड्ड्याकडे बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून जायचंय तिकडे बघायची सवय तिथे लावतात. तुमचं खरं दुखणं ताठ खांद्यांचं आहे. पुढचं चाक थोडं सरकलं तरी बरेचदा स्वतःच सावरतं, हँडल आवळलं की आपणच त्याला सावरू देत नाही. टाकी गुडघ्यांनी धरा, कोपर सैल. मी अधूनमधून कोपर हलवून बघतो. हलले तर ठीक.

बाकी आपल्या भागाचं कोर्सात कोणी शिकवत नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ट्रॅक्टर केजव्हीलसकट (चिखलणीच्या लोखंडी चाकांसकट) शेतातून डांबरावर येतात आणि चिखल रस्त्यावर सोडतात. करंजाळीच्या पुढे कोटंबी घाटाकडे जाताना वळणाच्या तोंडाशी शेत दिसलं की मी आधीच गिअर उतरवतो. तुमच्या रस्त्यावर पुलांचे लोखंडी जोड आणि पांढरे पट्टे सांभाळा. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ हवी, ब्रेक मोकळा. आणि पावसाने उघडीप दिल्यानंतरची पहिली सर सगळ्यात वाईट, तेल आणि धूळ वर येते. तेव्हा मी चहाच्या टपरीवर थांबतो. चांगला तासभर धुऊन निघाल्यावर रस्ता बराच बरा असतो.

चिवडाप्रेमी
दोन दिवसांत कोणी रायडर होत नाही. फीचे पैसे आधी टायरला घाला. खोबणीत मधूनमधून रबराचा उंचवटा असतो, टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला असेल तर कोणताही गुरू तुम्हाला वाचवणार नाही. आणि पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, हे पंक्चरवाल्याचं शास्त्र ऐकू नका. हवा कमी असली की खोबण्या दबतात आणि पाणी बाहेर फेकलं जात नाही. कंपनीने सांगितलेली हवा, टायर गार असताना.

पेठरोड
टायरचं शंभर टक्के खरं. पण भाऊ, नवे टायर घालूनही हँडल आवळायचं थांबत नाही.

लीड्सकर
मूळ नाशिकच्या सिडकोचा, सध्या लीड्सला. इथे पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता रोज रटाळ पडतो. इंग्लंडात 1956 मध्ये सुरू झालेली आयएएम (इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड मोटरिस्ट्स, आताचं नाव आयएएम रोडस्मार्ट) ही संस्था हे शिकवते. त्यांच्यात मैदान जवळपास नसतंच. अनुभवी स्वयंसेवक खऱ्या रस्त्यावर तुमच्या मागे गाडी घेऊन येतो, मग थांबवून सांगतो, त्या वळणाआधी ब्रेक उशिरा लावलास, का? मला सगळ्यात जास्त फायदा त्या "का?"चा झाला.

एक युक्ती आजच वापरता येईल. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे बघा. तो जवळ येत असेल तर वेग कमी करा. पुढे पळायला लागला की वळण उलगडतंय. जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. आणि वेग, गिअर हे सगळं वळणाच्या आधी उरकायचं, वळणात फक्त हलका थ्रॉटल.

इथल्या वाहतूक नियमांत पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, ओल्या रस्त्यावर किमान दुप्पट. आपल्या हायवेवर चार सेकंदांची जागा सोडली तर तिथे एक रिक्षा आणि एक पिकअप शिरेल, मान्य. शिरू दे, पुन्हा मागे सरका. कंटेनरच्या शेजारी मात्र रेंगाळू नका. एकतर मागेच राहा, लांब, नाहीतर रस्ता मोकळा बघून झटकन पुढे जा.

शिफ्टवाली
सगळ्यांचे आभार. पेठरोड दादा, तुमचं वाचून त्या कोर्सवाल्यांना फोन केला. विचारलं, ओल्यावर ब्रेकिंग करून घेता का? म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, पाऊस आला तर आपण बॅच पुढे ढकलतो."

पेठरोड
मग तो सोडा. दुसरीकडे विचारताना तीनच गोष्टी विचारा: पाणी मारून ब्रेकिंग होतं का, स्वतःची गाडी चालते का, आणि एका शिकवणाऱ्यामागे किती जण. तोवर कंपनीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सिक्युरिटीची परवानगी काढून, हेल्मेट, जॅकेट, हातमोजे सगळं घालून, 20-30 च्या वेगाने सुरुवात करा. बघायला कोणीतरी सोबत हवं. नवऱ्यालाच उभं करा, सवय होईल म्हणतात ना ते.

शिफ्टवाली
तो छत्री घेऊन उभा राहायला तयार आहे. टायर बघितला, मागचा उंचवट्याला टेकलाय. शनिवारी बदलते.