अंगणातला सागवानी झोपाळा: तेल लावू की पीयू?

ओटीवरची

मंडळी, गुहागरच्या घरी अंगणात सागवानी झोपाळा आहे. जुनं घर उतरवलं तेव्हा निघालेल्या तुळयांमधून सुताराने चार खांब आणि वरचा आडवा वासा काढला. बसायची फळी तेवढी वखारीतून नवीन आणली. डोक्यावर छप्पर नाही. व्हार्निश मारून घेतलं होतं, ते यंदाच्या पावसात पापुद्रे धरून सुटलंय. मधेमधे लाकूड राखाडी, कड्यांच्या बोल्टांभोवती काळे डाग आणि खांबांच्या तळाशी शेवाळ. सुतार म्हणतो पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) मारा, शेजारचे आप्पा म्हणतात जवसाचं तेल. आम्ही पुण्याला असतो, दिवाळी आणि मे महिना एवढीच फेरी. काय करावं?

रंधा

ताई, आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी दाबून बघा. आत गेला तर रंगाची चर्चा नंतर.

राखाडी होणं हा रोग नाही. उन्हाने वरचं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो, राहतो तो चंदेरी थर, तोही मिलिमीटरपेक्षा पातळ. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, उगाच का तुमच्या तुळया घर उतरल्यावरही कामाला आल्या! वरून तेल लावणं ही रंगाची हौस. लाकूड जातं ते पाणी मुरून. खांब थेट चिऱ्यावर उभे असतील तर चिरा पाणी धरतो आणि खांबाचा कापलेला तळ ते वर ओढत राहतो. खाली ग्रॅनाइटचे तुकडे द्या, तळाला इपॉक्सी (घट्ट होऊन पाणी अडवणारी राळ) पाजा. पैसे तिथे घाला.

बोल्टांभोवतीचे डाग म्हणजे खरोखर शाईच. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून शाई करत, इथे लाकडातलं टॅनिन (हिरड्यात असतं तसलं तुरट द्रव्य) आणि बोल्टाचं लोखंड तेच करतंय. जुन्या तुळयांत मोडलेले खिळे राहिले असतील तर तेही काढून घ्या. बोल्ट पितळी किंवा स्टेनलेसचे बसवा, मग प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्यात 2-3 मोठे चमचे ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून डागावर लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. विषारी आहे, हातमोजे हवेतच, पोरंबाळं लांब. तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण अडकून नवे डाग पडतात. प्रेशरचा पाइपही नको, मऊ भाग उडून लाकूड खरखरीत होतं. शेवाळाला रिठ्याचं पाणी आणि काथ्या पुरे, रेषांच्या दिशेने घासायचं.

पीयू छपराखाली उत्तम. उघड्यावर जोडाच्या फटीतून पाणी शिरतं, थराखाली अडकतं आणि तुमच्या व्हार्निशचीच गत होते. आप्पांचं तेल चालेल, पण ऐन पावसाच्या तोंडावर कच्चं जवस लावलं की बुरशीला आयतं जेवण. आत्ता, लाकूड चांगलं वाळल्यावर, निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. नाही पुसलंत तर पाहुण्यांचे कपडे फळीला चिकटतील. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा.

बंदरावरचा

तळाला काजूच्या टरफलाचं तेल लावा की! होडीला आम्ही तेच लावतो. वाळवी फिरकत नाही. फक्त रंग काळपट येतो आणि अंगाला लागलं तर फोड येतात, तेव्हा फळीला आणि हात लागेल तिथे अजिबात नको. लावणारा माणूस माहितगार बघा.

ताडोबाच्या अलीकडचा

अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांना सागवान आमच्या चंद्रपूरकडून गेलं, म्हणून मीही दोन शब्द बोलतो. 😄 नव्या फळीची कड पांढरट आहे का? तो गाभा नाही, सालीलगतचं कोवळं लाकूड, त्याला किडा लागतो. खाली पिठासारखी भुकटी दिसली तर फळी बदला, त्यावर तेल फुकट जाईल. आमच्याकडे पाण्यापेक्षा उन्हाचा त्रास, टोकांना चिरा पडतात, म्हणून आम्ही टोकांना मेण चोळतो.

ओटीवरची

सगळ्यांचे आभार. स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला. तीन खांब ठणठणीत. विहिरीकडच्या खांबात मात्र बोटाच्या पेराएवढा आत गेला. फळीची एक कड पांढरट आहे, भुकटी नाही. अख्खा खांब बदलावा लागेल का?

रंधा

छे! एवढंच असेल तर नासलेलं कापून चांगलं लाकूड लागेपर्यंत वर या आणि चारही खांब तेवढेच कापा. झोपाळा जरा खाली येईल, कड्या एका दुव्याने आखडा. खोल गेलं असेल तर सुताराला तिरपा सांधा करून जुन्या सागाचाच तुकडा जोडायला सांगा. आणि विहिरीचं पाणी त्या बाजूला का वाहतं ते बघा, आधी उतार दुसरीकडे काढा.