वेगवेगळ्या मॉडेलांच्या सर्व्हरवरील तापमान व पंख्यांची माहिती एकाच पद्धतीने कशी वाचावी?

सर्व्हरकक्ष: नमस्कार. आमच्याकडे तीन कंपन्यांचे जुने-नवे सर्व्हर असून काहींवर सेंटओएस ७, तर काहींवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. एलएम-सेन्सर्सचे (लिनक्सवर सेन्सर वाचणाऱ्या साधनाचे) उत्तर वाचणारी स्क्रिप्ट एका मॉडेलवर नीट चालते, पण दुसऱ्यावर तिला सेन्सरचे नावच सापडत नाही. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी स्क्रिप्ट न लिहिता हे जमवायचे असल्यास काय वापरावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

लोहमार्ग: माझा स्पष्ट सल्ला असा, की शक्य तिथे ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता थेट बीएमसीला (सर्व्हरमधील देखरेखीच्या स्वतंत्र चिपला), म्हणजे डेलच्या आयड्रॅकला किंवा एचपीईच्या आयएलओला, विचारावे, म्हणजे वर कोणती आवृत्ती आहे याने फरक पडत नाही. बीएमसीशी बोलण्याचे आयपीएमआय २.० हे २००४ सालचे मानक जुन्या यंत्रांवरही मिळते. मात्र सेन्सरची नावे त्यात ठरवून दिलेली नाहीत. डेलच्या अनेक मॉडेलांत दोन्ही प्रोसेसरांच्या सेन्सरचे नाव नुसते 'टेम्प' असते, तर सुपरमायक्रोवर 'सीपीयू१ टेम्प' असे दिसते. म्हणून नाव न जुळवता एंटिटी क्रमांक (सेन्सर कोणत्या भागाचा आहे हे सांगणारा आकडा) पाहावा: ३ म्हणजे प्रोसेसर, ७ म्हणजे मदरबोर्ड, १० म्हणजे पॉवर सप्लाय. आयपीएमआय वाचणाऱ्या आयपीएमआयटूल या साधनाच्या 'एसडीआर ईलिस्ट' या आज्ञेत हा क्रमांक ३.१, ३.२ असा दिसतो. फ्रीआयपीएमआय या तशाच दुसऱ्या साधनात तर तो नावाआधी जोडून देण्याचा पर्यायच आहे, त्यामुळे मी तेच वापरतो. शिवाय सेन्सरांची यादी बीएमसीकडून दर वेळी नव्याने आणणे फार संथ असते. फ्रीआयपीएमआय ती स्वतःहून साठवून ठेवते. फर्मवेअर बदलल्यावर मात्र ही साठवलेली यादी आठवणीने पुसावी.

थंडवारा: वरील सल्ल्याशी सहमत आहे. ज्या यंत्रांना बीएमसी नाही, तिथे लिनक्स कर्नलच्या एचडब्ल्यूमॉनवरच (सेन्सरची माहिती फाइलींतून देणाऱ्या भागावरच) अवलंबून राहावे लागेल. तिथे 'एचडब्ल्यूमॉन२' अशा डिरेक्टरीच्या नावातील आकडा कायम राहील असे गृहीत धरू नये, कारण ड्रायव्हर कोणत्या क्रमाने लोड झाले त्यानुसार तो बदलू शकतो. त्या डिरेक्टरीतील 'नेम' ही फाइल वाचावी. इंटेलवर तिच्यात 'कोअरटेम्प' आणि एएमडीवर 'के१०टेम्प' मिळेल. तापमान मिलिअंशांत असते, म्हणजे ४५००० म्हणजे ४५ अंश सेल्सिअस.

सर्व्हरकक्ष: दोघांचेही मनापासून आभार. नव्या यंत्रांवर रेडफिश (बीएमसीशी बोलण्याचे नवे मानक) आहे. तिथेही आयपीएमआयच वापरावे का?

लोहमार्ग: नव्या यंत्रांवर रेडफिशच घ्यावे. डीएमटीएफ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ते २०१५ साली आणले. एचटीटीपीएसवरून जेसन या मजकूर-स्वरूपात उत्तर मिळते आणि सेन्सर कुठे बसवला आहे हे 'फिजिकलकॉन्टेक्स्ट' या रकान्यात येते. जुन्या फर्मवेअरमध्ये ही माहिती 'थर्मल'खाली, तर नव्यात 'थर्मलसबसिस्टिम'खाली असते, म्हणून स्क्रिप्टने आधी नवे, ते नसल्यास जुने विचारावे. आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे: सर्व्हर बंद असताना अनेक सेन्सर 'रीडिंग नाही' असे उत्तर देतात. ते शून्य म्हणून नोंदवू नये, अन्यथा पंखे बंद पडल्याचा खोटा इशारा येईल.